निर्दोष मुलांचा हट्ट



या व्यासपीठावर कालपर्यंत प्राध्यापक बोलले, डॉक्टर बोलले, एक निवृत्त न्यायाधीशही बोलून गेले. त्यांच्या रांगेत मला उभे करणे हे चिटणिसांचे धाडसच म्हटले पाहिजे. माझे शालेय शिक्षण दहावीला थांबले. थांबले म्हणजे मी नापास झालो. पुढचे शिक्षण बिडी कामगारांच्या मोर्च्यांत, कामगार अधिकाऱ्यांच्या कचेरीबाहेरच्या बाकावर आणि रात्री वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांवर झाले. तीस वर्षे युनियनचे काम करतो आहे. तेव्हा चिटणिसांनी साहजिकच सुचवले, की नव्या कामगार संहितांवर बोला. मी म्हटले, त्यावर मी वर्षभर बोलतच असतो, आणि तेथे मी नेहमी फिर्यादीच्या बाजूला असतो. या खेपेला मला अशा विषयावर बोलू द्या, की ज्यात मी स्वतः आरोपी आहे.

विषय मुले वाढवण्याचा आहे. आपले मूल निर्दोष असले पाहिजे, आणि आपणही निर्दोष आईबाप असले पाहिजे, असा एक हट्ट आपण धरून बसतो. हट्ट हा शब्द आपण मुलांसाठी राखून ठेवला आहे; पण माझा अनुभव असा, की घरातला सर्वांत मोठा हट्टी माणूस साधारणपणे चाळिशीचा असतो.

मी मूळचा सिन्नरचा. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत जवळजवळ प्रत्येक ओट्यावर एक बाई मांडीवर सूप घेऊन बसलेली असे. सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पाने, हातात कात्री. पानावर पत्र्याचा साचा ठेवायचा, पान कापायचे, चिमूटभर तंबाखू घालून वळायचे, दोरा बांधायचा आणि तोंड दुमडून बंद करायचे. मजुरी हजारावर. माझी आई हेच करी. येथेच सांगून टाकतो, की बिडी ही वाईटच वस्तू आहे, ओढणाऱ्याला तर आहेच, वळणाऱ्याच्याही छातीला आणि डोळ्यांना ती सोडत नाही. माझे भाषण बिडीची जाहिरात समजू नका. पण माझ्या शाळेची फी त्या सुपातून आली, हे मी कसे नाकारू?

हजार बिड्या घेऊन आई कारखान्यात गेली, की तेथे तपासायला एक माणूस बसलेला असे. तो बंडल उचली, बोटांनी दाबून पाही; ही सैल, ही जाड, हिचे तोंड उघडे, असे म्हणत बिड्या बाजूला टाकी. याला म्हणत छाट. छाट झालेल्या बिडीची मजुरी नाही, आणि ती बिडीही परत मिळत नसे. कधी हजारात शंभर जात, कधी त्याहून जास्त. त्या दिवशी त्या माणसाचे घरी भांडण झाले असेल, तर त्याचा हिशेब आमच्या हजारातून चुकता होई.

या छाटीवर बायका पिढ्यान्‌पिढ्या रडल्या, आणि युनियनवाले पिढ्यान्‌पिढ्या भांडले. १९६६ साली बिडी आणि सिगार कामगारांसाठी देशात स्वतंत्र कायदा झाला. त्याखाली महाराष्ट्राने जे नियम केले, त्यांत छाटीला हद्द घातली गेली: मालकाने किंवा ठेकेदाराने सामान्यतः शेकडा ५ पेक्षा जास्त माल छाट म्हणून काढू नये. मालक मंडळी त्या कायद्याविरुद्ध न्यायालयात गेली. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. नियम कागदावर किती पाळला गेला आणि ओट्यावर किती, ही कथा वेगळी. ती सांगत बसलो, तर आजची रात्र पुरणार नाही.

या नियमाकडे क्षणभर माणसाविषयीचे एक विधान म्हणून पाहा. त्याने बिडी वळणाऱ्या बाईला असे सांगितले नाही, की तुझ्या हजाराच्या हजार बिड्या एकसारख्या आल्या पाहिजेत. हद्द घातली ती छाट काढणाऱ्याच्या हाताला. माल नाकारण्याचा त्याचा हक्क आहे. सैल तोंडाच्या बिडीतून तंबाखू सांडतो, तेव्हा तपासणी ही हवीच. पण त्या हक्कालाही मोजमाप आहे. ज्याच्या हातात नाकारण्याची सत्ता आहे, त्यानेच आपला हात आवरला पाहिजे. हा नियम मी शेकडो सभांतून समजावून सांगितला. तो माझ्या घराला लागू आहे हे कळायला मात्र मला मुलगा चौदा वर्षांचा होईपर्यंत थांबावे लागले.

त्या आधी आईची एक गोष्ट सांगतो. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. शाळेतून आलो, की आईने वळलेल्या बिड्यांची तोंडे बंद करण्याचे काम माझ्याकडे असे. मुलांकडून हे काम करून घेऊ नये, हे आज मी माईकवरून सांगतो. तेव्हा घराघरांत तेच चालत असे. माझे लक्ष गल्लीतल्या विटीदांडूकडे. तोंडे अर्धवट मिटलेली राहत. एका आठवड्यात छाट इतकी निघाली, की वाण्याची उधारी द्यायची राहिली. घरी येऊन आई आता मला बदडणार, असे मी धरून चाललो होतो. तिने सूप पुढे ओढले आणि कामाला लागली. मी घाबरत विचारले, "आई, माझ्याच बिड्या गेल्या ना गं?" ती म्हणाली, "कुणास ठाऊक. सगळ्या एकाच सुपातल्या. माझ्याबी असतील."

तिला ठाऊक नव्हते असे नाही. चाळीस वर्षे बिडी वळलेल्या बाईला हात ओळखू येत नाही, असे कसे होईल? तिने माझ्या बिड्या तिच्या बिड्यांत मिसळू दिल्या. दुसऱ्या दिवशी मला जवळ बसवून तोंड कसे दुमडायचे ते तिने पुन्हा दाखवले, आणि विटीदांडूला जायला वेळही दिला. मी तिला शिक्षणतज्ज्ञ ठरवीत नाही. तिने मला इतर कारणांवरून पुष्कळ बदडले आहे. पण त्या दिवशीचे ते वाक्य माझ्याकडे शिल्लक आहे.

आता आरोपीची हकिगत.

माझा मुलगा १९९५ सालचा. स्वतः दहावी नापास झालेल्या बापाने मुलाविषयी काय काय ठरवले असेल, ते येथल्या पुष्कळांना सांगावे लागणार नाही. मी भिंतीवर वेळापत्रक लावले. पहाटे साडेपाचला उठणे, सहा ते सात गणित, संध्याकाळी शुद्धलेखन दोन पाने. अक्षर वाकडे आले, की पान फाडून पुन्हा. ऐंशी गुण आले तर उरलेले वीस कोठे गेले, याची चौकशी. नव्वद आले, तेव्हा मी विचारले की पहिला कोण आला. मला हे सर्व प्रेम वाटत होते. बाहेर मी कारखानदाराशी माणुसकीविषयी बोलत असे, आणि घरी येऊन पोराच्या वहीतली छाट काढीत असे.

एकदा माझी पत्नी भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, तिकडे शेकड्याला पाचाच्या वर छाट काढली तर तुम्ही मोर्चा नेता. या पोराची रोज किती छाट निघते, ती मोजली का कधी?"

मी हसलो. सभेत कुणी चांगला शेरा मारला की हसतो, तसा. आणि विसरलो.

२००९ साली मुलगा नववीत असताना शाळेतून निरोप आला. वर्गशिक्षकांनी प्रगतिपुस्तक पुढे ठेवले. गणितात शंभरापैकी एकतीस. खाली माझी सही. आधीच्या पानावर इंग्रजीत चौतीस. खाली माझी सही. अशा चार सह्या होत्या आणि चारही मी केलेल्या नव्हत्या. सही मात्र हुबेहूब होती. माझ्या सहीतला शेवटचा फराटा इतका सफाईदार मलाही येत नाही. मी मनात म्हटले, शुद्धलेखनाचा उपयोग झाला.

त्या संध्याकाळी मी हात उचलला. चारचौघांत सांगायला लाज वाटते, पण लपवून ठेवण्याचा अधिकार मला नाही. पोर रडले नाही. भिंतीकडे पाहत उभे राहिले, नेमके वेळापत्रकाकडे.

रात्री झोप येईना. मग मला आठवली गल्लीतल्या बायकांची एक युक्ती. छाट फार कडक झाली, की काही बायका कच्च्या बिड्या बंडलाच्या मधोमध घालीत आणि चांगल्या बाहेरून लावीत. तपासणाऱ्याला वरची दिसे, आतली दिसत नसे. त्या बायका लबाड नव्हत्या. ज्या दारात चूक दाखवली की मजुरी जाते, त्या दारात चूक कुणी उघडी ठेवीत नाही. युनियनच्या कामात हे मी पुढेही पाहिले. जेथे सुपरवायझर प्रत्येक बिघाडावर चार्जशीट देतो, तेथे बिघडलेला माल रात्रपाळीत गायब होतो, आणि यंत्रातला दोष मोडतोड होईपर्यंत कुणाला कळत नाही. मी मालकांना हे दहा वेळा सुनावले आहे. माझ्या पोराने नापासाचे गुण बंडलाच्या मधोमध घातले होते. चार महिने त्याला गणित येत नव्हते, आणि त्या घरात ते सांगता येईल असा एकही माणूस नव्हता.

पुढे काय झाले, हे रंगवून सांगण्यासारखे नाही. माफी मागायला मला आठ दिवस लागले. बाप असल्याची सवय मोठी चिवट असते. शेवटी मी त्याला म्हटले, "माझं चुकलं." तो म्हणाला, "ठीक आहे, दादा," आणि बाहेर खेळायला गेला. काही चमत्कार झाला नाही. वेळापत्रक मात्र मी काढून टाकले. त्याच्यामागे भिंतीचा चौकोन पांढरा राहिला होता, तो पुढच्या रंगापर्यंत तसाच दिसत असे.

त्यानंतर मी या विषयावर वाचू लागलो. डिक्शनरी शेजारी घेऊन इंग्रजी वाचणारा माणूस हळू वाचतो, पण त्याचा एक फायदा असा, की तो शब्द गिळत नाही. इंग्लंडमध्ये डोनाल्ड विनिकॉट नावाचे एक बालरोगतज्ज्ञ होऊन गेले. १८९६ साली जन्मले, १९७१ साली वारले. लंडनच्या एका मुलांच्या रुग्णालयात त्यांनी सुमारे चाळीस वर्षे काम केले, आणि बीबीसी रेडिओवरून साध्या भाषेत आयांशी गप्पा मारल्या. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात त्यांनी जो शब्द वापरला, त्याला मी आपल्या भाषेत 'पुरेशी चांगली आई' म्हणेन. त्यांचे म्हणणे असे: अगदी तान्हे असताना आई बाळाच्या गरजेबरोबर जवळजवळ तंतोतंत चालते. पुढे पुढे ती थोडी थोडी कमी पडू लागते. दूध आणायला दोन क्षण उशीर होतो, रडण्याचा अर्थ चुकतो. बाळाची सोसण्याची ताकद वाढेल तसे तिचे हे कमी पडणे वाढत जाते, आणि त्यातूनच बाळाला कळते की जग आपल्या इच्छेवर चालत नाही, तरी आपण त्यात तगू शकतो. म्हणजे कधीच न चुकणारी आई मुलाच्या कामाची नव्हे!

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी तर आई आणि बाळ समोरासमोर बसवून, चित्रीकरण करून, क्षणाक्षणाचा हिशेब मांडला. निरोगी मायलेकरांतही दोघांचे सूर जुळलेले असतात ते साधारण एकतृतीयांश वेळच. बाकी चुकामूक. आई हसते तेव्हा बाळ दुसरीकडे पाहते, बाळ बोलावते तेव्हा आईचे लक्ष नसते. पण चुकामूक होते आणि पुन्हा जुळते, पुन्हा चुकते, पुन्हा जुळते. आणि ट्रॉनिक सांगतात, की हे पुन्हा जुळवणे हाच मुलाचा खरा अभ्यास. शंभरात तेहतीस! आपले बोर्ड सुद्धा पस्तिसाला पास म्हणते. तेव्हा बोर्डाच्या हिशेबाने जगातल्या सगळ्या चांगल्या आया दोन गुणांनी नापास आहेत.

येथे कुणी म्हणेल, ही साहेबांची शास्त्रे, आमच्यापुढे आदर्श आहे श्यामच्या आईचा. बरोबर आहे. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिली, आमच्या सिन्नरपासून फार दूर नाही. आणि विनिकॉटचा निबंध आला त्याच १९५३ साली आचार्य अत्र्यांचा चित्रपट आला, ज्याला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. आपण त्या आईला देव्हाऱ्यात बसवले आणि पुस्तक पुन्हा उघडायचे राहून गेले. उघडा आणि पाहा. ती आई भाजीत मीठ घालायला विसरते. श्यामचे वडील त्याविषयी एक शब्द न बोलता जेवून उठतात, आणि तिला स्वतः जेवायला बसल्यावर ते कळते. पोहायला जायचे नाही म्हणून श्याम लपून बसतो, तेव्हा ती त्याला फोकाने मारते, आणि नंतर जवळ घेऊन समजावते. गुरुजींनी हे झाकले नाही. तुरुंगात बसून आईची आठवण काढणाऱ्या मुलाला ती आई अळणी भाजीसकट हवी होती. आदर्श आपण तयार केला, गुरुजींनी आई लिहिली होती.

आता जरा कटू बोलतो. निर्दोषपणाचा हा बोजा घरात सारखा वाटला जात नाही. औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर काम करणाऱ्या बायका माझ्याकडे येतात. पगार कापला म्हणून येतात, आणि बोलता बोलता डोळे पुसून म्हणतात, "भाऊ, मी आई म्हणून कमी पडते." का? तर पोराचा अभ्यास घ्यायला वेळ नाही, आणि मोबाईलवर दुसऱ्या बायका चार खणांच्या डब्यात गाजराची फुले कापून भरताना दिसतात. दहा तास उभे राहून, दोन बदल्यांच्या रिक्षा करून घरी आलेल्या बाईने गाजराची फुले कापायची! १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली; पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा २६ आठवडे झाली, आणि ५० किंवा अधिक कामगार असतील तेथे पाळणाघर बंधनकारक झाले. कंत्राटाच्या रजिस्टरात एकोणपन्नासच नावे का असतात, हे मला विचारू नका. माझा मुद्दा असा, की पाळणाघर नाही, रजा नाही, वेळेवर घरी पोचवणारी बस नाही, आणि बाई मात्र स्वतःच्या नावे चार्जशीट लिहीत बसते. हत्यारे न देता उत्पादन मागणाऱ्या मालकाला आपण जाब विचारतो. या बाईला कुणी तरी सांगायला हवे, की हा हिशेब तिच्या एकटीच्या नावावर नाही. आणि घरातल्या पुरुषाला सांगायला हवे, की गाजर त्यालाही कापता येते. फुले नसली तरी चालेल, काप चालतील.

मागच्या वर्षी एका सभेत हेच बोललो, तर एक गृहस्थ उठून म्हणाले, "म्हणजे पोरांना मोकाट सोडा!" नाही हो. पोराने दुसऱ्याच्या पोराला मारले, तर मी आजही गप्प बसणार नाही. हेल्मेट न घालता गाडी काढली, तर किल्ली काढून घेईन. छाट रद्द करा असे युनियनने कधी म्हटले नाही. आम्ही तिला हद्द मागितली. शंभर गोष्टींतल्या कोणत्या पाच गोष्टी खरोखर चालणार नाहीत, हे आईबापांनी एकदा बसून ठरवावे. माझ्या घरात वाकडे अक्षर, पसरलेली चादर, ऐंशी गुण, अर्धवट खाल्लेली पोळी, केसांचा भांग, हे सगळे त्या पाचांत होते. खोटे बोलण्याची गरज का पडावी, हा प्रश्न मात्र यादीत कोठेच नव्हता.

माझा मुलगा पुढे आयटीआयला गेला, आता पुण्याकडे एका ठिकाणी इलेक्ट्रिशियन आहे. इंजिनिअर झाला नाही. कामात चोख आहे असे ऐकतो. ऐकतो असे म्हणण्याचे कारण, तो फोन आईला करतो. मी उचलला, तर "आई आहे का?" एवढेच. याला मी त्याचा दोष म्हणत नाही. नववीपर्यंतचा माझा हिशेब आहे तो.

त्याला तीन वर्षांची मुलगी आहे. गेल्या महिन्यात एका रात्री फोन वाजला, मी सवयीने पत्नीकडे द्यायला निघालो, तर तो म्हणाला, "थांबा दादा, तुमच्याशीच बोलायचंय." पोरीने भाड्याच्या खोलीची सबंध भिंत रंगीत खडूने भरून टाकली होती. घरमालक अनामत रकमेतून पैसे कापील का, आणि कायद्याने किती कापू शकतो, असा त्याचा प्रश्न होता. मी विचारले, "पोरीला रागावलास का?" तो म्हणाला, "ओरडलो आधी. मग ती लपून बसली पलंगाखाली. मग मीच खाली वाकून तिला बाहेर काढलं." थोडा वेळ आम्ही दोघेही गप्प होतो. मग मी त्याला सांगितले, की घरमालकाशी वाद घालू नकोस, मेणाचा खडू असेल तर आधी कोमट पाण्याने आणि साबणाने पुसून पाहा, आणि तेवढ्याने गेला नाही तर खोली सोडतेवेळी एक हात पांढरा दे, आत्ता देऊ नकोस, ती पुन्हा काढणारच आहे.